ताईंची यादी

१२ मार्च

ताईस,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं लिहिलंय असं समज. कंडक्टर चहा पिऊन येईपर्यंतच वेळ आहे. हे पत्र ज्या डब्यावर चिकटवलंय तो डबा आधी उघड, मग वाच. आत बर्फात चार मासे आहेत. खायचे नाहीत.

तिसऱ्या तळ्यात मर लागली आहे. मंगळवारी सकाळी अण्णा खाद्य टाकायला गेले तर काठाला वीस-पंचवीस तिलापिया उताणे पडलेले. पोटं फुगलेली, खवल्यांखाली लाल डाग. जे जिवंत आहेत ते एका कुशीवर होऊन गोल गोल फिरतात. औषधवाल्याने आधी पिवळी पावडर दिली, मग पांढरी. तेलात कालवून खाद्याला चोळली, पाच-पाच दिवस घातली. मासे औषध खातात आणि मरतात. आता तो म्हणतो दोन्ही एकत्र घाला. त्याच्या बापाचं काय जातंय.

तू तिथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माणसांच्या जखमांतले जंतू वाढवतेस आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघतेस. तेच माशांचं बघायला काय हरकत आहे? जंतूला थोडंच कळतं तो कुणाच्या पोटात होता. एवढं कर. अण्णा दोन दिवस धड जेवलेले नाहीत. नोकरी संपल्यापासून त्यांना या तळ्यांशिवाय दुसरं काही नाही, हे तुला मी सांगायला नको.

फोन करू नकोस. तळ्यावर रेंज नसते, आणि घरी आलो की आई शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत बसते.

खंड्या


१९ मार्च

खंड्या,

लहानपणी तासन् तास पाण्याकडे टक लावून बसायचास म्हणून अण्णांनी तुझं नाव खंड्या ठेवलं. आता पाण्यात काय चाललंय ते दिसेना तर मासे माझ्या गळ्यात. डबा घ्यायला गेले तेव्हा अर्धी बस नाकाला रुमाल लावून बसली होती.

रविवारी लॅबमध्ये मी एकटीच असते, तेव्हा केलं. हे करायची मला परवानगी नाही. प्लेटा हॉस्पिटलच्या, औषधाच्या चकत्या हॉस्पिटलच्या, आणि वर तुझा मेलेला मासा. आमच्या साहेबांना कळलं तर मला घरी बसवतील, आणि त्यांचं चुकणारही नाही.

आता नीट वाच. माशाच्या मूत्रपिंडातून जंतू काढला, प्लेटवर पसरला आणि वर आठ औषधांच्या आठ चकत्या ठेवल्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाही, स्वच्छ गोल जागा राहते. चालत नसेल तर तो चकतीला खेटून वाढतो. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर सहा चकत्यांना जंतू खेटून उभा होता. सातव्या आणि आठव्या चकतीभोवती तेवढी मोकळी जागा. तुझी पिवळी आणि पांढरी त्या सहांतलीच आहेत. चौदा वर्षं मी हे काम करते, पण अशी प्लेट पहिल्यांदाच बघितली.

याचा अर्थ असा, की तुम्ही तळेवाले आजार असो वा नसो, दर मोसमाला खाद्यातून औषधं घालता, आणि त्या जंतूला ती आता अंगवळणी पडली आहेत. उरलेली दोन माणसांसाठी ठेवलेली आहेत. आठवं तर आमच्याकडेही सगळे उपाय थकल्यावर काढतात, सर्जनबाईंच्या सहीशिवाय मिळत नाही. सोबत रिपोर्ट पाठवते आहे तो एवढ्यासाठीच, की हातात किती कमी उरलंय ते तू डोळ्यांनी बघावंस.

तुझ्या तळ्याला औषध नको, जागा हवी आहे. मेलेले मासे रोजच्या रोज काढून पुरून टाक. खाद्य निम्म्यावर आण. अर्धं पाणी बदल, तळाचा गाळ उपस. आणि पुढच्या खेपेला जेवढे मासे मावतात तेवढंच बीज सोड. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं किती वर्षं चालवणार?

अण्णांना सांग, साखर आहे, उपाशी राहायचं नाही.

ताई


११ एप्रिल

ताई,

मानलं बुवा तुला. तिसरं तळं वाचलं.

सातवं इथे मिळत नाही. पण आठवं औषधवाल्याकडे जनावरांसाठी म्हणून पोत्यातून येतं, कोपऱ्यात पडून होतं. ते माशांना चालतं हे त्यालाही माहीत नव्हतं. सहा दिवस घातलं आणि मर थांबली. अण्णा स्वतः दोन्ही हातांनी खाद्यात कालवायचे, मला हात लावू दिला नाही. गाळाचं बघतो. सध्या उपसायचा पंप कुणाकडे रिकामा नाही.

अण्णांचं तर काही विचारू नकोस. तुझा रिपोर्ट चष्मा लावून तीनदा वाचला. वर हॉस्पिटलचं छापील नाव, खाली तुझी सही. घडी घालून खिशात ठेवला आणि थेट औषधवाल्याकडे. त्याने त्याची प्रत काढली, प्लास्टिकमध्ये घातली आणि दुकानात दर्शनी भिंतीला टांगली. लोक येतात आणि म्हणतात, ताईंच्या यादीतलं द्या. मुलीला एवढं शिकवून काय दिवे लावणार आहात, असं अण्णांना विचारणारा तो पलीकडचा तळेवाला आठवतो? तोही काल दोन पिशव्या घेऊन गेला. अण्णा दुकानातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ही सही माझ्या मुलीची. तुझ्या तोंडावर त्यांनी कधी तुझं कौतुक केलं नाही, म्हणून मुद्दाम कळवतोय.

माझ्यासाठी आलेलं स्थळ परत गेलं. मुलीकडच्यांनी तळी बघितली, मला बघितलं आणि तळी पसंत पडली म्हणाले.

खंड्या


१५ एप्रिल

खंड्या,

दोन पानांच्या पत्रातून तू नेमकं तेवढंच वाचलंस जे मी करू नकोस म्हणून लिहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मी तुला किती कमी उरलंय ते सांगत होते आणि तुम्ही त्याची खरेदीची यादी केलीत.

दोष माझाही आहे. साध्या वहीच्या कागदावर लिहायला हवं होतं. पण रिपोर्ट म्हटला की हात छापील फॉर्मकडे जातो आणि खाली सही आपोआप होते, चौदा वर्षांची खोड आहे. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

हे पत्र मिळेल त्या दिवशी तो कागद भिंतीवरून काढ. औषधवाल्याला सांग, अण्णांनाही सांग. काय होईल ते मी लिहून देते. आज आठवं घालून मासे वाचतील. दहा-वीस तळ्यांतून ते सहा महिने गेलं की जंतू त्यालाही सरावेल, आणि तोच जंतू ज्या दिवशी एखाद्या माणसाच्या जखमेत शिरेल त्या दिवशी सर्जनबाई माझ्याकडे बघतील आणि मी त्यांना रिकामी प्लेटसुद्धा दाखवू शकणार नाही. भरलेली दाखवेन.

अण्णांना माझा राग कळव. कौतुक मिळालं.

ताई


२ मे

ताई,

कागद काढला. झालं समाधान? अण्णा दोन दिवस फुगून बसले होते, पण समजूत काढली. आठवं पुन्हा घेतलेलं नाही.

आई विचारते, सुट्टीला येणार का. येताना तिच्या गुडघ्याचं मलम आण, इथलं उग्र वासाचं आहे.

खंड्या


८ नोव्हेंबर

ताई,

सहा महिन्यांत तू एक पत्र लिहिलं नाहीस. फोनवर आईशी बोलतेस आणि मी फोन घेतला की तुझी भाजी करपते. असो, मोठी आहेस, शोभतं तुला.

इकडे सगळं ठीक. पाचव्या तळ्यातले मासे मोठे झाले, परवा जाळं ओढलं. अण्णांना कोण थांबवणार? मासे वेगळे करताना एकाच्या पाठीचा काटा त्यांच्या उजव्या तळव्यात गेला. काही विशेष नाही, आम्हाला रोजचंच आहे. हात जरा सुजलाय एवढंच. आई म्हणाली ताईला कळव, म्हणून कळवतोय.

खंड्या


१० नोव्हेंबर

खंड्या,

राग बाजूला ठेवून लिहिते. अण्णांना साखर आहे, त्यांची जखम तुझ्या जखमेसारखी नाही. काटा तळ्यातला आहे. आजच्या आज डॉक्टरकडे ने, तळव्यात काटा मोडून राहिलाय का ते बघायला सांग, आणि काय औषध दिलं त्याची चिठ्ठी मला पाठव. उद्या नाही, आज.

ताई


१३ नोव्हेंबर

ताई,

औषध चालू आहे, काळजी करू नकोस. सूज निम्म्याने उतरली, काल त्यांनी स्वतः दाढी केली. चिठ्ठी सापडली की पाठवतो, आईने कुठेतरी जपून ठेवलीय म्हणजे आता ती मिळणं कठीण.

खंड्या


२५ नोव्हेंबर

खंड्या,

काल अण्णांना कॉटवर टेकवलंस आणि त्याच बसने परत गेलास. पाचव्या तळ्यात मर लागली आहे म्हणालास. मासे मरतील म्हणून बापाला सोडून जाणारा तू पहिलाच. पण ते भांडण नंतर करू.

त्यांना एकशे तीन ताप आहे. तळवा काळसर पडलाय आणि मनगटाच्या वरपर्यंत हात लाल. सर्जनबाईंनी लाली जिथे संपते तिथे पेनाने रेघ मारली, लाली रेघेच्या पुढे गेली का ते बघायला. दुपारी मारलेली रेघ आज सकाळी चार बोटं मागे राहिली होती. वरच्या अंगाला दुसरी मारली आहे. काल रात्रीपासून त्यांना आठवं औषध चालू केलंय, शिरेतून. जखमेतला पू माझ्याकडेच आलाय आणि मी प्लेट लावली आहे. जंतू वाढायला एक दिवस, चकत्यांना एक दिवस. परवा कळेल.

मला फक्त एक सांग. तिथे त्यांना कोणत्या डॉक्टरने, कोणतं औषध, किती दिवस दिलं? डॉक्टर मला विचारतात आणि लॅबमध्ये काम करणारी मुलगी तोंड बंद करून उभी राहते.

ताई


२६ नोव्हेंबर

ताई,

डॉक्टर नव्हते, कंपाउंडरने दिलं. कॅप्सूल होत्या. नाव लक्षात नाही. मी येतोच आहे दोन दिवसांत, पाचवं तळं जरा हाती लागू दे. आईला तू काही बोलू नकोस, तिला वाटतंय इंजेक्शनं चालू झाली म्हणजे आता सगळं मार्गाला लागलं.

खंड्या


२७ नोव्हेंबर

खंड्या,

आठही बंद. सकाळी झाकण काढलं. आठव्या चकतीला जंतू असा खेटून उभा आहे की चकतीची कड दिसत नाही. मार्चमधली तुझ्या माशाची प्लेट माझ्या नीट लक्षात आहे. रंग तोच, वासही तोच. फरक फक्त शेवटच्या दोन चकत्यांचा. सातवं आठव्याच्याच जातीचं आहे, जंतू एकाला सरावला की दुसऱ्यालाही सरावतो.

माणसाच्या अंगात दोन आठवड्यांत जंतू एवढा शिकत नाही. हा शिकूनच आलाय. म्हणजे तू मे महिन्यात मला लिहिलंस ते खोटं होतं. आठवं तुम्ही सगळा मोसम घातलंत. आणि कंपाउंडर कोण होता हेही आता मला कळल्यासारखं आहे, पण ते मला तुझ्या हातचं वाचायचंय.

सर्जनबाई म्हणतात हात काढावा लागेल. परवा बहुतेक मनगटावर भागलं असतं, आज कोपराच्या वर, उद्या खांद्यापासून. अण्णा नाही म्हणतात. कागदावर सही करत नाहीत. ते बाईंना काय म्हणाले सांगू? म्हणाले, "माझ्या मुलीने लिहून दिलंय, दोन औषधं चालतात. आमच्याकडे दुकानात टांगलंय." काल सगळ्या वॉर्डाला हे सांगून झालं. म्हणजे कागद अजून भिंतीवर आहे.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघितलं.

लिही. लगेच लिही. अण्णांना मी काय सांगू ते तुझ्या पत्रावर आहे.

ताई


२८ नोव्हेंबर

ताई,

कंपाउंडर मीच.

काटा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, डॉक्टर मला काय वेगळं देणार, तुझ्या बहिणीच्या यादीतलंच देणार ना? ते तर घरात पिशवीभर आहे. मला पटलं. खोटं कशाला बोलू, मला ते हुशारीचं वाटलं. पोत्यावर लिहिलेला जनावरांचा हिशेब धरून माप काढलं आणि मधात कालवून सकाळ-संध्याकाळ चाटवलं. सूज उतरली हे खरं होतं. दाढी केली हेही खरं होतं.

नऊ दिवस दिलं. दहाव्या दिवशी पाचव्या तळ्यात मासे उताणे दिसले. पिशवीत थोडंच उरलं होतं आणि औषधवाल्याकडचं संपलं होतं. अण्णाच म्हणाले, मला आता बरं आहे, ते तळ्याला घाल. मी घातलं. ताई, मी एकदाही म्हणालो नाही की राहू द्या, तुम्हीच घ्या. एकदा म्हणायला काय जात होतं?

तळ्यालाही काही उपयोग झाला नाही. सगळे गेले.

कागद मी काढलाच नव्हता. काढायला गेलो होतो. अण्णा त्याच्याखाली बसले होते, कुणाला तरी दाखवत होते. परत आलो.

एक मागतो. तळ्यात काय घातलं ते डॉक्टरांना सांग, पण पिशवी संपली तेव्हा मी कशाची निवड केली ते आईला सांगू नकोस. उद्या पहिल्या बसने येतो. अण्णांची सही घे, कशीही घे.

खंड्या


१६ डिसेंबर

खंड्या,

अण्णांना जाऊन दोन आठवडे झाले. तू आईला घेऊन गावी गेल्यापासून रोज कागद पुढ्यात घेते आणि उठते. तू मला तुझं लिहिलंस, मी तुला माझं लिहिलेलं नाही.

तू आलास तेव्हा हात काढून झाला होता. सही कशी घेतली ते तू विचारलं नाहीस. तुझं पत्र आलं तशी मी त्यांच्या कॉटशी गेले आणि म्हणाले, अण्णा, आठवं चालत नाही.

ते म्हणाले, "दुकानात लिहिलंय."

"मीच लिहिलंय ते. तेव्हा चालत होतं."

"मग आता त्याला काय झालं?"

"आपण ते तळ्यात घातलं. सगळ्यांनी घातलं. जंतू सरावला."

तापात होते, पण डोळे स्वच्छ होते. मग म्हणाले, "हे असं होणार ते तुला तेव्हा माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

"मग लिहिलंस कशाला?"

त्यांनी डावा हात पुढे केला, मी कागद धरला, त्यांनी अंगठा उठवला. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. शुद्धीवर होते तेवढा वेळ नर्सशी बोलत होते, शेजारच्या कॉटवरच्या माणसाशी बोलत होते. माझ्याशी नाही. तिसऱ्या दिवशी गेले. सर्जनबाई म्हणाल्या, हात काढायला उशीर झाला, विष रक्तात उतरलं होतं.

आता माझं. उशीर माझ्यामुळे झाला.

तू त्यांना आणलंस त्याच दुपारी मला माहीत होतं, हा जंतू कुठला असणार. अण्णांचे दोन्ही हात सात महिने त्या औषधाच्या खाद्यात होते. तुझं मे महिन्यातलं पत्र मला खरं वाटलं होतं असं मी स्वतःला सांगत आले, पण ते मला तेव्हाही पुरतं खरं वाटलं नव्हतं. एक फोन औषधवाल्याला केला असता तर कळलं असतं. केला नाही, कारण कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, आणि त्या कागदावर सही माझी होती. त्या दुपारी सर्जनबाईंनी आठवं लिहून दिलं तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, की बाई, हे याच्यावर चालणार नाही, ज्या पाण्यातून हा जंतू आलाय तिथे हेच औषध घालतात. त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? मग मला रविवारची प्लेट सांगावी लागली असती, मासे सांगावे लागले असते, सही सांगावी लागली असती.

मी म्हटलं, प्लेट बोलेल. दोन दिवसांत प्लेटच सांगेल, मला बोलायची गरज नाही. दोन दिवस मी रोज चार वेळा वॉर्डात जाऊन ती पेनाची रेघ बघत होते आणि परत येऊन इन्क्युबेटरचं दार उघडत होते. त्या दोन दिवसांत लाली मनगटावरून कोपराच्या वर गेली. पहिल्याच दुपारी बाईंनी तळवा काढला असता तर अण्णा आज तुझ्या डोक्याशी कटकट करत असते.

तुझ्या अंगावर मी किती ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा होत्या त्या.

साहेबांना सगळं सांगितलं. चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. सर्जनबाई एकच वाक्य बोलल्या, तू मला फक्त सांगायला हवं होतंस, मी कुठे तुला खायला उठले होते. त्यांनी ओरडायला हवं होतं.

आता तुझ्याकडे दोन कामं आहेत. तो कागद फाड. आणि आईला सगळं सांग, माझे दोन दिवस आणि तुझे नऊही. तू लपव म्हणालास ते मी आता लपवणार नाही, तूही लपवू नकोस. परवा मी तिला फोन केला, सांगायचंच ठरवून केला. तिने विचारलं, जेवलीस का? मी हो म्हणून फोन ठेवला. तू समोर आहेस, तुला ते जमेल.

ताई


२३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र तळ्यावर बसून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा इतका राग आला की बस पकडून तुझ्या दारात उभं राहावंसं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की तुझ्या जागी मी असतो तर तिसरा दिवसही गप्प राहिलो असतो. मग राग यायचा राहिला. बरं वाटलं असं नाही. नुसता यायचा राहिला.

कागद फाडला. सगळ्यांच्या देखत भिंतीवरून ओढला. औषधवाला म्हणाला, फाडा की, लोकांनी कधीच फोटो काढून घेतलेत. मग आवाज खाली आणून म्हणाला, अण्णांचं फार वाईट झालं, आणि आता नवीन काय चालतं ते ताईंना विचारता का? त्याच्या मागे तीन तळेवाले उभे होते, ओळखीचे. अण्णांना पोचवायला आले होते ते. एकाने मान खाली घातली. बाकीचे दोघे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी बाहेर आलो. औषधवाल्याने कुठून तरी दुसरी पावडर आणलीच आहे, पिशवीवर नाव नाही. लोक नेतायत.

आता आईचं. मी तिला सांगितलेलं नाही.

दोनदा सांगायला बसलो. पहिल्यांदा तीच म्हणाली, काट्याने माणूस जातो बघ, नशिबात असेल तर निमित्त लागतं. दुसऱ्यांदा मी "आई, एक सांगायचंय" एवढं म्हणालो तर ती म्हणाली, माहीत आहे, तळी बंद करायचीत ना तुला, करू नकोस, त्यांचा जीव होता त्यात. झालं.

त्या दिवसापासून ती स्वतः तळ्यावर येते. गुडघे धरून, मधल्या दगडावर दोनदा बसून, पण रोज सकाळी येते. तिसऱ्या तळ्यात काही मासे आहेत अजून. अण्णा टाकायचे तसं खाद्य टाकते. गोळे विरघळतात का बघायला काठाशी वाकते आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घालते. परवा भाजी चिरताना तिचं बोट कापलंय, त्याला साधी चिंधी गुंडाळलेली आहे.

काल मी तिच्यापुढे रबरी हातमोजे धरले. म्हणालो, हे घाल आणि मगच हात घाल. तिने हातमोजे उलटेसुलटे करून बघितले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, मी फोनवर बोलताना ती बघते तसं.

"का रे?" म्हणाली, "पाण्यात काय आहे?"

मी म्हणालो, काही नाही, पाणी गार आहे.

खंड्या